सहीचं पान

१

पुठ्ठ्यावर पत्राचं पहिलं पान होतं. दुसरं नव्हतं.

भाऊजी त्या पुठ्ठ्यासमोर डोक्याला हात लावून बसले होते. माझी ताई दारात उभी राहून मला सांगत होती की यांनी सकाळपासून चहा घेतला नाही, दाढी केली नाही, फक्त तिच्यावर ओरडून झालंय.

"पोलिसांना कळवलंत?" मी विचारलं.

"त्यांना कागद म्हणजे कागद!" भाऊजी म्हणाले. "तू आहेस ना. जन्मभर चोरच पकडलेस."

तसे मी चोर पकडलेले नाहीत. मी विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करायचे. दुकान जळलं की जाळलं, हार हरवला की बहिणीच्या कपाटात गेला, एवढंच शोधायचं. त्या कामाने मला एक सवय लावली. काय गेलं ते सांगायला लोक उतावीळ असतात, म्हणून मी आधी काय उरलंय ते बघते. या सवयीने माझा कधी घात केलेला नाही, आणि मी हे छातीठोकपणे सांगते.

भाऊजींबद्दल थोडं सांगायला हवं. लोक नाणी जमवतात, तिकिटं जमवतात. भाऊजी नाट्यसमीक्षकांची आणि संपादकांची सहीची पत्रं जमवतात. नटांची पत्रं कुणीही गोळा करील, असं त्यांचं म्हणणं. नटाला चढवणाऱ्या आणि बुडवणाऱ्या माणसांची गोळा करायला डोकं लागतं. तरुणपणी काही महिने एका वर्तमानपत्रात रात्रपाळी केली, तिथे हे खूळ शिरलं. पुढे सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात गेली, पण खूळ काही गेलं नाही. प्रत्येक पत्राला एक कार्ड, कार्डावर सगळी माहिती, आणि ती तपासली की कोपऱ्यात त्यांची ती खूण: तीन रेघा, कोंबडीच्या पायासारख्या. ताईच्या किराणाच्या यादीवरसुद्धा वाचून झालं की कोंबडीचा पाय उमटतो.

या संग्रहाचं नाक म्हणजे हे पत्र. लिहिणारा समीक्षक इतका धारदार की नाटकवाले त्याला 'कात्री' म्हणत. चाळीसेक वर्षांपूर्वी कात्रीने एका नाटकाची अशी चिरफाड केली की आठवड्यात पडदा पडला तो पडलाच. नाटकातली मुख्य भूमिका करणाऱ्या बाई (सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात) पुन्हा रंगमंचावर आल्या नाहीत. आणि परीक्षण छापून आल्यावर लगेच कात्रीने संपादकांना हे पत्र धाडलं होतं. पहिल्या पानावर कबुली: 'दाढ ठणकत होती म्हणून मी मध्यंतरालाच उठून गेलो. उत्तरार्ध पाहिलेला नाही. त्याविषयी जे लिहिलं ते अंदाजाने.' दुसऱ्या पानावर: 'बाईंवर माझ्या हातून अन्याय झाला आहे. हे पत्र माझ्या नावानिशी छापावे.' खाली सही.

पत्र छापलं गेलं नाही. संपादकांनी दाबलं, असं भाऊजी गेलं वर्षभर गावभर सांगत होते. वर्तमानपत्राची जुनी इमारत रिकामी झाली तेव्हा तिथल्या कारकुनाच्या घरच्यांकडून त्यांना ते मिळालं होतं, दोन्ही पानं शेजारी शेजारी पुठ्ठ्यावर खळीने चिकटवलेली. आज संध्याकाळी नाट्यगृहाच्या दालनात त्यांच्या संग्रहाचं प्रदर्शन उघडायचं होतं. भाऊजी ते पत्र सगळ्यांसमोर वाचणार होते आणि ऐकायला स्वतः बाई येणार होत्या.

"त्यांना अर्धं पत्र दाखवायचं?" ताई म्हणाली. तिला खरंच लागलं होतं. बाईंचं ते नाटक तिने पाहिलेलं आहे.

"अगं, कबुली पहिल्याच पानावर आहे," भाऊजी म्हणाले. "मजकूर महत्त्वाचा. सही काय, असली-नसली."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. या माणसाने एकदा हनिमूनचा प्रवास एका सहीसाठी पुढे ढकलला होता.

"काल इथे कोण कोण आलं होतं?"

"चहाला तिघं. भिंग, कात्रीची लेक आणि ते संपादक. तिघांनी पत्र अख्खं पाहिलं. तिघंही थोडा थोडा वेळ या खोलीत एकटे होते." भाऊजींनी पुठ्ठ्याकडे बोट केलं. "त्यांच्यातलाच एक."

ताईने सकाळचं शब्दकोडं तसंच अर्धवट टाकलं होतं. शब्दकोशाचे दोन्ही जाडजूड खंडही जागेवर नाहीत, चोराने तेही नेले की काय, असं ती पुटपुटत होती. बाल्कनीत टॉवेलांच्या शेजारी टीपकागद वाळत पडले होते. या घरात टीपकागद ही नेहमीचीच गोष्ट, म्हणून मी तेव्हा त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं आणि पुठ्ठ्याचा फोटो काढून निघाले.

२

भिंग म्हणजे भाऊजींचे प्रतिस्पर्धी. चष्म्यांचं दुकान चालवतात आणि गळ्यात कायम भिंग अडकवलेलं असतं, म्हणून हे नाव. या पत्रासाठी ते वर्षभर भाऊजींच्या मागे लागले होते. त्यांनी तीन संपादकांची पत्रं बदल्यात देऊ केली होती, तरी भाऊजी बधले नव्हते.

"दुसरं पान गेलं," मी काउंटरवर हात टेकून म्हटलं. "सहीचं."

"आणि पहिलं राहिलं?"

"हो."

भिंगांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांच्यासमोर चष्म्यावर पाय दिला. "म्हणजे पत्र फोडलं? सही एकीकडे, मजकूर एकीकडे? अहो, शाळेतली पोरं वह्यांतून असल्या सह्या कापतात. मी न्यायचं ठरवलं असतं तर पुठ्ठ्यासकट उचललं असतं, वर लिफाफाही विचारला असता!"

"पण सहीचीच तर सगळ्यांना हाव असते."

"कशावरच्या सहीची? खाली सही आणि वर काहीच नाही, याला आमच्यात कुणी हिंग लावून विचारत नाही." ते खरंच चिडले होते. चोराचा राग वेगळा असतो. तो आपल्यावर आळ आला म्हणून असतो. यांना राग होता तो पत्राचे दोन तुकडे झाले याचा.

मी फोटो पुढे केला. भिंगांनी सवयीने फोनवरच भिंग धरलं आणि फोटो कडेकडेने तपासला.

"कमाल आहे," शेवटी म्हणाले. "पुठ्ठ्यावर कागदाचा एक धागा मागे राहिलेला नाही. जुनी खळ आहे ही, दगडासारखी. ओढून काढलं असतं तर पान फाटलं असतं. हे भिजवून सोडवलंय. टीपकागद ओला करायचा, पानावर ठेवायचा, वाट बघायची, बदलायचा, पुन्हा वाट बघायची. अर्धा दिवस जातो. ज्याने केलं त्याचे हात मला उसने द्या."

"तुम्ही काल त्या खोलीत किती वेळ एकटे होतात?"

"तुमच्या ताई चहा गाळेपर्यंत."

"आणि बाकीचे दोघं?"

"तेही तसेच." भिंगांनी भिंग खाली सोडलं. "एक सांगतो तुम्हाला. भिजवलेलं पान सुटल्यावर खिशात घालून नेता येत नाही. लगेच कोरड्या टीपकागदांत दाबून जड वजनाखाली ठेवावं लागतं, निदान दुसऱ्या संध्याकाळपर्यंत. नाहीतर वाळक्या पानासारखं वळून बसतं आणि शाई पसरते ती वेगळीच."

म्हणजे ते पान आत्ता या क्षणी कुठेतरी वजनाखाली पडलेलं होतं, आणि ज्याने ते काढलं त्याला अर्धा दिवस निवांत मिळाला होता. चहा गाळायला एवढा वेळ माझ्या ताईलासुद्धा लागत नाही.

३

कात्रीची लेक दाताची डॉक्टर आहे. वडिलांच्या नावाने दरवर्षी नव्या समीक्षकाला पुरस्कार देते, वडिलांचा फोटो दवाखान्यात लावते, आणि त्या फोटोखाली लोकांना तोंड उघडायला लावते. दोन रुग्णांच्या मधल्या वेळात तिने मला आत घेतलं. मी खुर्चीत बसले नाही. त्या खुर्चीत बसलं की माणसाला प्रश्न विचारता येत नाहीत.

"मला वाटलंच होतं तुम्ही आधी माझ्याकडे याल," ती हातमोजे काढत म्हणाली.

"तुमचा नंबर दुसरा. काल पत्र वाचून काय वाटलं?"

"खरं सांगू? हायसं वाटलं." ती फोटोकडे बघत बोलली. "दाढेचं मला लहानपणापासून माहीत आहे. त्या रात्री बाबा गाल धरून लवकर घरी आले होते. नंतर खूप दिवस रोज सकाळी पेपर उघडायचे, शोधायचे, मिटायचे. एकदा आईला म्हणाले, 'मी मान खाली घातली होती, त्यांनी बघितलीही नाही.' मग पुन्हा कधी त्या विषयावर बोलले नाहीत. हट्टी होते. मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. काल कळलं."

"मग बाबांचं नाव जाईल याची भीती नाही?"

"ज्याने चूक कबूल केली त्याचं नाव कसं जाईल? पण," आणि इथे तिचा आवाज कामाचा झाला, "सही दिसली तरच ती कबुली. पहिलं पान नुसतं लावलं, तर कुणीही म्हणेल की कुणीतरी बाबांच्या नावावर खपवलंय. मग मलाच उभं राहून 'हे सिद्ध करा' म्हणावं लागेल. पुरस्काराच्या मंडळात बाकीची माणसंही आहेत. सही आणा, मी सगळ्यांसमोर बाईंच्या पाया पडते. सही नसेल तर माझा नाइलाज आहे."

तर हे असं होतं. पान संध्याकाळपर्यंत सापडलं नाही तर बाईंना चाळीस वर्षांनी मिळणारा न्याय त्यांच्या डोळ्यांदेखत वादात अडकणार होता, आणि त्या वयात माणूस पुढच्या प्रदर्शनाची वाट बघत नाही.

मी जायला वळले तेव्हा ती म्हणाली, "काल संपादक काय बोलले ते तुमच्या भाऊजींनी सांगितलं ना?"

"काय बोलले?"

"त्यांनाच विचारा."

४

संपादक निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी टेबल अजून कार्यालयातल्यासारखं लावून बसतात. उजवीकडे ढीग, डावीकडे ढीग, मध्ये चष्म्याचं घर, आणि खिशाला निळी पेन्सिल.

"या," ते म्हणाले. "भेकड माणसाच्या घरात स्वागत आहे. तुमचे भाऊजी मला वर्षभर हेच म्हणतायत."

"तुम्ही पत्र दाबलं नाहीत?"

"मी ते काल पहिल्यांदा पाहिलं. परीक्षण छापलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी रजेवर होतो. बायकोचं मोठं ऑपरेशन होतं. परत आलो तेव्हा नाटक बंद पडलेलं, कात्री माझ्याशी बोलेनासा झालेला, आणि कारण मला कुणी सांगेना." त्यांनी पेन्सिल काढून बोटांत फिरवली. "काल चहा झाल्यावर, भिंग निघून गेले तेव्हा मी तुमच्या भाऊजींना एवढंच म्हटलं की मला पाठ दाखवा."

"कसली पाठ?"

"आमच्याकडे पद्धत होती. आलेलं पत्र वाचायचं, आणि शेवटच्या पानाच्या पाठीवर निळ्या पेन्सिलीने शेरा मारायचा. 'घ्या' किंवा 'नको'. खाली आपली खूण. मी रजेवर असलो की रात्रपाळीची पोरं शेरे मारत. ते पान चिकटवलेलं आहे, त्यामुळे पाठ कुणी पाहिलेलीच नाही. मी म्हटलं, उद्या सगळ्यांसमोर ती उलटा. माझी खूण निघाली तर मी तिथेच कान धरीन. दुसऱ्याची निघाली तर तुम्ही माझी माफी मागा."

"भाऊजी काय म्हणाले?"

"म्हणाले, खुशाल! आजच रात्री सोडवून ठेवतो. फार जोरात होते हो."

"आणि दुसऱ्याची खूण निघाली तर ती कुणाची, हे तुम्हाला कळेल?"

"रात्रपाळीच्या पोरांचे चेहरे मला कधी दिसले नाहीत. मी घरी निघायचो तेव्हा ती यायची. पण सकाळी टेबलावर त्यांच्या खुणा असायच्या. एकाची बादली, एकाची होडी..." संपादक हसले. "खूण बघितली की ओळखीन. पोरगं मात्र समोर उभं राहिलं तरी ओळखायचो नाही."

मी त्यांचा चहा न घेताच उठले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मी सकाळपासून घालत होते, आणि पाय दुखायला लागले होते.

५

घरी ताई एकटीच होती. भाऊजी दालनात टेबलं लावायला गेले होते.

"ताई, काल चहानंतर भाऊजी काय करत होते?"

"अभ्यासिकेत. दार लावून. जेवायलाही हाका मारून मारून घसा बसला माझा. आले ते चार घास खाऊन पुन्हा आत."

"लग्नाआधी ते ज्या वर्तमानपत्रात रात्रपाळी करायचे ते कोणतं?"

"ते संपादकांचंच की. दिवसा कॉलेज असायचं त्यांना. का गं?"

मी बाल्कनीकडे वळून पाहिलं. चोर जे नेतो त्यावरून त्याची गरज कळते. भिंगांना अख्खं पत्र हवं होतं. कात्रीच्या लेकीला सही दिसायला हवी होती. संपादकांना पाठ दिसायला हवी होती. तिघांपैकी एकालाही ते पान नाहीसं होऊन चालणार नव्हतं. नुसतं दुसरंच पान दिसू नये, पहिलं मात्र दिसावं, असं कुणाला वाटेल? ज्याला बाईंना कबुली द्यायची आहे, पण पाठ लपवायची आहे.

आमच्या कंपनीत म्हणायचे, दुकान जळालं की आधी मालकाच्या कपड्यांना रॉकेलचा वास येतो का बघा. इथे ताईच्या घरात तो वास बाल्कनीत वाळत होता आणि मी नाक मुरडून पुढे गेले होते.

"ताई, तुझा शब्दकोश सापडला?"

"नाही ना. दोन्ही खंड! एवढं वजन कोण उचलून नेईल?"

"ज्याला वजनच हवंय तो," मी म्हटलं, आणि पाहुण्यांच्या खोलीत जाऊन पलंगाखाली वाकले.

शब्दकोशाचे दोन्ही खंड तिथे एकावर एक होते. त्यांच्याखाली लाकडी फळी, फळीखाली टीपकागदाची घडी. मी हात पुसले, वरचा टीपकागद उचलला. पान पालथं होतं. मध्यभागी निळ्या पेन्सिलीत एकच शब्द होता, 'नको', आणि त्याच्याखाली तीन रेघा.

ताई माझ्या खांद्यावरून बघत होती. तिने तोंडावर हात ठेवला. कोंबडीचा पाय तिला माझ्याहून जास्त ओळखीचा होता.

६

भाऊजी परत आले तेव्हा पान पुन्हा अभ्यासिकेच्या टेबलावर होतं, पाठ वर करून. त्यांनी ते पाहिलं आणि खुर्चीत बसले. आरडाओरडा केला नाही. मला त्यांची दया आली, आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

"कुंपणानेच शेत खाल्लं, भाऊजी."

"मी ते वाचलंच नव्हतं गं," ते म्हणाले. "ढीग पालथा असायचा. शेरा पाठीवर मारायचा, म्हणून पालथाच ठेवायची पद्धत. आधी उलटून वाचायचं, मग पालथं करून शेरा. त्या रात्री अर्ध्या पानाची जाहिरात आली आणि पत्रांची जागाच गेली. मग उलटायचं कशाला? बसल्या बसल्या सगळ्या ढिगावर 'नको, नको, नको' लिहीत गेलो. दहा मिनिटांचं काम. मी त्यातलं एकही पत्र पाहिलं नाही. आणि काल रात्री पान सुटलं, मी मोठ्या हौसेने उलटलं..."

त्यांनी त्या तीन रेघांवर बोट ठेवलं.

"आणि वर्षभर त्या बिचाऱ्या संपादकाला भेकड म्हणत हिंडलात. त्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसलं होय तुम्हाला."

"म्हण काय म्हणायचं ते."

"जाळून का टाकलं नाहीत? एक काडी पुरली असती."

भाऊजींनी दचकून पान जवळ ओढलं. "काय बोलतेस! सही आहे त्याच्यावर."

मला हसू आलं. या माणसाने अब्रू वाचवायला चोरी केली, तीसुद्धा पानाला सुरकुती पडू न देता. मग मी त्यांना कात्रीच्या लेकीचं म्हणणं सांगितलं. "पहिलं पान बाईंसाठी ठेवलंत हे कळतं मला. पण त्याने बाईंना काही मिळणार नाही. सही नसेल तर ती पोरगी उभी राहून आव्हान देणार, आणि बाई पुन्हा एकदा भरल्या नाट्यगृहात मान खाली घालून बसणार. या वेळी तुमच्यामुळे. म्हणजे या वेळीही."

मी आणखी काही बोलले नाही. दाव्याची चौकशी संपली की कागद मालकासमोर ठेवायचा आणि गप्प बसायचं, हेही मला त्याच नोकरीने शिकवलंय. मी लावून धरलं असतं तर ते पान मीच दालनात नेलं असतं. पण मग तो न्याय माझा झाला असता.

दारातून ताईचा आवाज आला. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"दाढी करा," ती म्हणाली. "आपल्याला जायचंय."

७

दालन भरलं होतं. बाई पहिल्या ओळीत बसल्या होत्या, बारीकशा, ताठ, हातात काठी. नाटकवाली माणसं येताजाता त्यांना वाकून नमस्कार करत होती आणि त्या प्रत्येकाला नाव आठवत नसताना आठवल्यासारखं ओळखत होत्या.

भाऊजींनी दोन्ही पानं वाचली. आवाज सुरुवातीला कापत होता, मग भूगोल शिकवताना लागायचा तसा लागला. 'माझ्या नावानिशी छापावे' असं वाचून त्यांनी सही सगळ्यांना दिसेल अशी धरली. कात्रीची लेक उठली, जवळ जाऊन बघितलं, आणि म्हणाली, "ही माझ्या बाबांची सही आहे." मग ती खरोखर बाईंच्या पाया पडली. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही.

टाळ्या थांबल्या. संपादक मागून म्हणाले, "आता पाठ."

मी ताईचा हात धरला. की तिने माझा धरला, ते नक्की आठवत नाही.

"पाठ," भाऊजी म्हणाले, आणि पान उलटलं. "इथे 'नको' असा शेरा आहे. तो संपादकांचा नाही. मी वर्षभर त्यांना भेकड म्हणत होतो, त्याची माफी मागतो. शेरा माझा आहे. मी तेव्हा रात्रपाळीला होतो. मी हे पत्र न वाचता नाकारलं. आणि काल ते लपवलंही मीच. चोरी झाली नव्हती."

भिंगांच्या गळ्यातलं भिंग खुर्चीवर आपटल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"कोंबडीचा पाय!" संपादक हळूच म्हणाले. "तो तुम्ही होय!"

बाईंनी हात पुढे केला. भाऊजींनी पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी सहीची बाजू वाचली, पाठ वाचली, पुन्हा सही वाचली. मग मान वर केली.

"कात्रीने निदान माझं अर्धं नाटक पाहिलं होतं," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. तो गुण जात नाही. "तुम्ही पानसुद्धा उलटलं नाहीत."

"नाही, बाई," भाऊजी म्हणाले.

"आज उलटलंत."

भाऊजींनी मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"पेन्सिल आहे का कुणाकडे?" बाईंनी विचारलं. "निळी."

संपादकांनी खिशातली काढून दिली. बाईंनी पान काठीच्या मुठीवर टेकवलं तेव्हा भिंग खुर्चीतून उठून ओरडले, "अहो बाई, मूळ कागद आहे तो!"

"मूळ माणूसही इथेच आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी 'नको'वर एक सरळ रेघ मारली, शेजारी 'घ्या' लिहिलं, आणि खाली सावकाश, पूर्ण नावाची सही केली. मग पान संपादकांच्या हातात ठेवलं. "उद्याच्या अंकात."

"बाई, मी निवृत्त झालोय."

"मी पण. तरी आले ना?"

संपादकांनी चष्मा लावून पान पुन्हा वाचलं. मग फोन हातात घेऊन बाहेर गेले. सध्याचा संपादक त्यांच्याच हाताखाली तयार झालेला आहे, आणि दारातून त्यांचा आवाज ऐकू येत होता: "जागा नाही म्हणजे? जाहिरात काढ!"

पत्र दुसऱ्या दिवशी छापून आलं, नावानिशी.

मूळ पान बाईंनी भाऊजींनाच परत दिलं. ते आता अभ्यासिकेत दोन काचांच्या मध्ये आहे, पाठ खोलीकडे करून. आल्यागेल्याला भाऊजी आधी ती बाजू दाखवतात, सगळी हकीगत सांगतात, काही वगळत नाहीत. भिंग दर रविवारी येऊन तीन सह्यांचं ते पान मागतात आणि नकार ऐकून चहा पिऊन जातात.

ताईचे शब्दकोश जागेवर आले. तिची किराणाची यादी भाऊजी अजूनही तपासतात. पण आधी कागद उलटून पाठ बघतात, तिथे काही नाही ना याची खात्री करतात, आणि मगच कोपऱ्यात कोंबडीचा पाय काढतात.